आठ टेकूंचा तांडेल

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गाडीचं दार लावून दाखवायला सांगितलं.

मी लावलं. ते बोईसरच्या आपल्या गाडीदुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडमध्ये खांबाला टेकून, डोळे मिटून उभे होते. "परत," ते म्हणाले. मी परत लावलं. "अजून एकदा. हळू. आत कुणी झोपलंय असं समजा." तिसऱ्यांदा दार लागलंच नाही, चौकटीत अडकून राहिलं. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. "तुमचं ठीक हाय, बाय," ते म्हणाले. "गाडीच बसलीय."

ही परीक्षा प्रत्येकाची व्हायची हे मला नंतर कळलं. एकदा एक गृहस्थ नवीकोरी गाडी घेऊन आले होते, किरकोळ पोचा काढायला. त्यांनी उतरून दार असं आपटलं की शेडवरचे कावळे उडाले. "तुमचं भांडण कुणाशी हाय ते आधी मिटवा," हे म्हणाले, "मंग गाडी आना." गृहस्थ गेले ते गेलेच. असं गिऱ्हाईक परत पाठवल्यावर ते दिवसभर खुशीत असायचे.

लोक त्यांना तांडेल म्हणत. मच्छीमारांच्या होडीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो तांडेल. यांचा होडीशी काही संबंध उरलेला नव्हता, पण दुरुस्त केलेली गाडी तपासायची त्यांची तऱ्हा होती तशीच. मालकाने गाडी चालवायची आणि यांनी शेजारून सायकल मारायची, एक हात हँडलवर, दुसरा गाडीच्या मडगार्डवर, मान तिरकी. तिथून हुकूम सुटायचे, "दाबा! सोडा! खड्ड्यात घाला!" उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, सायकलवरून जीप हाकणारा मी एवढा एकच पाहिला. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले कामगार हसत ओरडायचे, "चाचा, नाव चली क्या?" त्यावरून मग तांडेल हे नाव पडलं.

गाडीत ते कधीच बसत नसत. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली, पण गाडीच्या पोटात गेले नाहीत. कारण ते कुणालाही न लाजता सांगत: "मला लागते." रिक्षा लागायची, एसटी लागायची. उभी गाडी कुणी बाहेरून हलवली तरी आतल्या माणसाकडे बघून यांचा चेहरा उतरायचा. खिशात कायम एक लिंबू असायचं, हुंगायला.

न सांगितलेला भाग त्यांनी मला एकदाच सांगितला, रबराच्या चकत्या कापता कापता, मान वर न करता. ते मूळचे दातिवऱ्याचे. बाप खरा तांडेल. मिसरूड फुटलं तसं बापाने यांना होडीवर घेतलं, आणि यांना होडी लागली. लागली म्हणजे काय, प्रत्येक वेळी लागली. एका खेपेला हे इतके आडवे झाले की बापाने जाळं न टाकता होडी माघारी वळवली. अख्खी होडी रिकामी किनाऱ्याला लागली. "कुनी काय बोललं नाय," ते म्हणाले. "बोलले असते तर बरं झालं असतं. बाप बी नाय बोलला. त्याच आठवड्यात मी बोईसरला आलो." त्यानंतर ते दातिवऱ्याला गेले नव्हते. बाप गेल्याचा निरोपही आठ दिवसांनी पोचला होता. "मला तांडेल म्हनू नका, बाय. तांडेल माझा बाप. आता थोरला भाऊस हाय. मी नुस्ता वकनारा." मी तरी तांडेलच म्हणत राहिले, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

माझी गाडी म्हणजे माझ्या वडिलांची गाडी. पालघरजवळच्या माहीमला आमची सुपारीची आणि केळीची वाडी. वडिलांनी तरुणपणी लष्कराच्या मोडीतून एक छोटा ट्रक घेतला होता. पुढे तिघांची जागा, मागे हौदा, आणि दोन्हींच्या डोक्यावर मिळून एकच लोखंडी टप, जो बोल्ट काढले की टोपलीच्या झाकणासारखा उचलून बाजूला ठेवता यायचा. होळी झाली की चार गडी बोलावून वडील टप उतरवत आणि पावसाळा तोंडावर आला की चढवत. मधले ते दोन-अडीच महिने ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चैन. मी मागच्या हौद्यात केळीच्या घडांवर उताणी पडायची. वरून पोफळीचे शेंडे एकामागून एक मागे जायचे. मध्ये आभाळ, परत शेंडे. समुद्र दिसायचा नाही पण त्याचा वास वळणावळणाला बदलायचा. मी कितीदा तरी तशीच झोपी गेले आणि घरी पोचल्यावर जागी झाले. पुढे तारापूरच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागले, नळ्यांची जाडी मोजण्यात बावीस वर्षं गेली, पण आजही डोळे मिटले की पोफळीचे शेंडे सरकायला लागतात.

वडील गेल्यावर गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. समुद्राच्या वाऱ्याने जे व्हायचं ते झालं. मग केळव्याचा एक रिसॉर्टवाला दादाकडे आला. त्याला गाडी हिरवळीवर उभी करायची होती, मुंबईच्या पाहुण्यांना फोटो काढायला. चाकं सिमेंटात बसवणार होता. दादा तयार झाला. मी आकांडतांडव केलं. शेवटी ठरलं ते असं: गाडीच्या कागदांची मुदत संपत आली होती, पुन्हा नोंदणीसाठी ती तपासणीला न्यायची. पास झाली तर गाडी माझी. नापास झाली तर सिमेंट. हातात दोन महिने होते.

इंजिन बरं होतं. मेली होती ती बैठक. गाडी म्हणजे खरं तर दोन वस्तू असतात. खाली चॅसी, म्हणजे लोखंडाचा सांगाडा, ज्याला चाकं असतात. वर बॉडी, ज्यात आपण बसतो. या दोघींच्या मध्ये आठ ठिकाणी लोखंडाचे जाड कान, त्यावर रबराच्या चकत्या आणि त्यातून आरपार बोल्ट. सगळी बॉडी त्या आठ जागांवर तोललेली. मेकॅनिक लोक त्यांना काहीबाही इंग्रजी नावं ठेवतात, हे त्यांना टेकू म्हणत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात तेव्हा दोन्ही अंगांना लाकडं लावतात, तो टेकू. आमच्या गाडीचे आठातले सहा टेकू गंजून पापडासारखे झाले होते.

यावर त्यांचा एकच कायदा होता आणि तो खडूने शेडच्या पत्र्यावर लिहिलेला होता: एक सोड, एक बांध. एक टेकू कापायचा, तिथे जॅक द्यायचा, नवा कान वेल्ड करायचा, रबर घालायचं, बोल्ट आवळायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. आणि हे सगळं दारं लावून, टप चढवलेला ठेवून. "टप हाय तोवर बॉडी आकारात ऱ्हाते. टप काडला का ती नुस्ती परात. खालचा टेकू हालला का वाकलीच." काम झाल्यावर मात्र उलटं. तपासायचं ते टप काढून. "टप असला का तो सगळं झाकून नेतो. टप नाय तेवा कळतं टेकू खरे का खोटे."

रबर ते कारखान्यांच्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्यांचं कापून घेत आणि आठवडाभर दगडाखाली दाबून ठेवत. "त्याला वज्याची सवय लागू दे. एकदम बसवलं तर बिचारं घाबरतं." एक टेकू बांधून झाला की केबिनच्या तळावर ते एक सुपारी ठेवत, आमच्याच वाडीतली, सोललेली. घरंगळली तर बोल्ट परत सैल. मी कारखान्यातली माणूस, माझ्याकडे केसाची जाडी मोजणारं माप. मी ते लावून त्यांची चूक काढायला बघायची. चूक निघायची नाही. एकदा निघाली, तर ते माझं माप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा काटा चांगला हाय. पन काट्याला कान नाय." मग त्यांनी बोटाने दार लावलं आणि मला ऐकायला लावलं. मला काही ऐकू आलं नाही. तेच ऐकायचं होतं म्हणे.

सुटीच्या दिवशी मी दुपारभर तिथे बसायला लागले. बाहेर टेम्पो, भोंगे, हवेत कारखान्यांचा आंबूस वास, आणि आत त्या पत्र्याखाली वेळ कुठे जायचा कळायचं नाही. ते गाडीखाली पडून तिच्याशी बोलत. नीट ऐकलं तर शब्द कळत: "आता हिकडं भार दे. दिलास? दे अजून." मला वडिलांची आठवण यायची. वडील असे अजिबात नव्हते, तरी यायची.

आणि मग मी ती चूक केली.

पाच टेकू झाले होते, सहावा जॅकवर होता. तांडेल जेवायला गेले होते. तेवढ्यात दादाने पाठवलेला रिसॉर्टवाला आला, गाडीचं काय चाललंय ते पाहायला. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "उगाच खर्च करताय मॅडम. मला काय, चालणारी नकोच आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, याला एकदा दाखवूच ही काय चीज आहे. शेजारच्या वेल्डिंगवाल्यांना हाक मारली. "भैया, जरा हाथ लगाओ." बोल्ट काढले आणि पाचजणांनी टप उचलून बाजूला ठेवला. शेडमध्ये शिरलेल्या उन्हात ती गाडी अशी काही दिसली की माझे डोळे भरून आले. रिसॉर्टवाल्याचेही डोळे चमकले. "वा! अश्शीच उभी करू. मागच्या हौद्यात बोगनवेल सोडू."

तो गेला. मी दार लावायला गेले तर दार चौकटीच्या बोटभर खाली लोंबत होतं. दुसरीकडून पाहिलं, तिकडेही तेच. जॅक एका बाजूला कलला होता आणि बॉडी कमरेत वाकली होती. पत्र्यावर खडूने लिहिलेला कायदा माझ्याकडे बघत होता. बावीस वर्षं लोकांच्या चुका शोधून लाल शिक्का मारणारी मी, खाली बसून रडले.

तांडेल आले. टपाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले, खिशातलं लिंबू काढून मला दिलं. "हुंगा," म्हणाले. मग, "मला कुनी बोललं नाय, तसं मी बी तुमाला बोलत नाय असं समजू नका. मी बोलनार हाय. चूक केलीत तुमी. मोटी केलीत. झालं, बोललो. आता उठा."

मोकळं वाटलं. खरंच सांगते, त्या शिव्या नसलेल्या बोलण्याने मला इतकं मोकळं वाटलं की मी उठलेच.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. टप चढवला, वाकलेली बॉडी रोज थोडी थोडी जॅकने वर घेतली, आठही टेकू सोडले आणि बांधले, एकेक. तपासणीला तीन दिवस उरले तेव्हा काम झालं. दारं एका बोटाने लागत होती. सुपारी जागची हलत नव्हती. टप उतरवून आम्ही रस्त्यावर आलो. मी चालवत होते आणि ते सायकलवर, हात मडगार्डवर.

"बोलतेय," ते म्हणाले.

मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी जोरात न्यायला सांगितलं. मी वेग वाढवला तशी त्यांची सायकल मागे पडली. ते धापा टाकत आले. "हळू असली का गप. मी मागं पडलो का बोलते." तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. गाडी अशीच तपासणीला नेली तर खडखडणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि आवाज कुठून येतो ते शोधायला कुणाला तरी चालत्या गाडीत, तळाला कान लावून बसायला हवं होतं, आणि तसा कान बोईसरमध्ये एकच होता.

"राहू द्या तांडेल," मी म्हटलं. "नाही जमलं तर नाही."

त्यांनी खिशातलं लिंबू काढलं, दाताने फोडलं, आणि मागच्या हौद्यात चढून उताणे झोपले. अगदी मी झोपायची तसे.

बोईसरच्या बाहेर पडताना पहिल्यांदा थांबलो. पालघर ओलांडल्यावर दुसऱ्यांदा. मी म्हटलं माघारी वळू या, तर हौद्यातून आवाज आला, "वळवू नका." माहीमच्या वाड्या लागल्या. वरून पोफळी सरकायला लागल्या असणार, कारण मागचं कण्हणं थांबलं. कितीतरी वेळ नुसतं इंजिन आणि वारा. मला वाटलं झोपले. केळव्याच्या अलीकडे एका मोरीवर गाडी आदळली आणि मागून खणखणीत आवाज आला, "डावा तिसरा! थांबा!" सुरूच्या झाडांखाली गाडी घेतली. ते उतरून तिसऱ्यांदा ओकले, तोंड धुतलं, गाडीखाली शिरले आणि एक नट अर्धा फेरा आवळला. फक्त अर्धा फेरा. परत गाडी मोरीवरून नेली. आवाज नाही. आता मलाही ऐकू आलं, म्हणजे काही ऐकू आलं नाही.

काम संपलं होतं. माघारी फिरायचं होतं. ते हौद्यात उठून बसले होते, चेहरा पांढराफटक, केस वाऱ्याने उभे.

"ह्यो रस्ता पुढं कुटं जातो?"

"एडवण, कोरे, दातिवरे," मी म्हटलं. त्यांना काय माहीत नव्हतं?

ते परत हौद्यात आडवे झाले. मग म्हणाले, "घ्या तर पुढं."

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर टेकू दिलेल्या एका होडीच्या सावलीत त्यांचे थोरले भाऊ जाळं विणत बसले होते. इतकी वर्षं मध्ये गेली होती, पण ते उठले नाहीत, मिठी नाही, काही नाही. धाकट्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कशातनं आलास?"

"गाडीतनं."

"वकलास?"

"तीनदा."

थोरल्यांनी हिशोब केला. "बापाच्या होडीत सातदा वकला होतास. सुदारलास." मग गाडीकडे नजर गेली. "हिला डोकं नाय?"

"काडून ठेवलंय."

"मंग होडीच की ती."

घरातून पाणी आलं, पाठोपाठ सुक्या बोंबलांच्या कालवणाचा वास आला. थोरले माझ्याकडे वळले. "तिकडं बोईसरला ह्याला काय म्हनतात?"

मी बोलून गेले, "तांडेल." आणि जीभ चावली. समोर खरा तांडेल बसला होता. आमचे तांडेल मान खाली घालून वाळूत बोटाने रेघा ओढायला लागले.

थोरले हसले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी जाळ्यानेच पुसलं.

"म्हनू दे," ते म्हणाले. "त्यानं कुटं माघारी वळवली?"

मी एकटीच परत आले. ते तिथेच राहिले, त्या दिवशी आणि नंतरही. तिसऱ्या दिवशी गाडी तपासणीत पास झाली. तपासणाऱ्याने चारदा दार लावून पाहिलं आणि पाचव्यांदा उगाचच लावलं. शेडची चावी दातिवऱ्याच्या एका मासळीवालीबरोबर आली, जागेच्या मालकाला द्या म्हणून. खडूने लिहिलेला कायदा पत्र्यावर तसाच होता, मी पुसू दिला नाही.

आता होळी झाली की मी टप उतरवते आणि दातिवऱ्याला जाते. ते किनाऱ्यावर होड्यांना टेकू देतात, इकडचा टेकू तिकडे करत असतात, सगळ्यांशी भांडतात. गाडीत बसत नाहीत. निघताना मात्र कुणाची तरी सायकल घेऊन गावाबाहेरच्या वळणापर्यंत शेजारून येतात, एक हात मडगार्डवर, मान तिरकी. वळणावर हात काढतात आणि ओरडतात, "बोलत नाय! जावा!"